आधी भांडू दे

पावाच्या दुकानापुढच्या रांगेत ओदीलच्या पुढे दोघं होती. गावच्या पेतांक क्लबचे, म्हणजे छोट्या गोटीच्या जवळ लोखंडी गोळे टाकायच्या खेळाच्या क्लबचे, म्हातारे अध्यक्ष फेर्नां, आणि क्लबसाठी गुण मोजायचं ॲप बनवणारी त्यांची नात माएल.

"आजोबा, आता ॲपमध्ये काय बिघडलं?"

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं! फोटो काढला की लगेच सांगून मोकळं, कुणाचा गोळा गोटीच्या जवळ आहे ते."

"त्यासाठीच तर बनवलंय!"

"अगं, पूर्वी टेप काढायची, गुडघे टेकायचे, एकमेकांची अक्कल काढायची. मग पास्तिसचा, त्या बडीशेपेच्या दारूचा, एकेक ग्लास घ्यायचा आणि पुन्हा मोजायचं. आता भर उन्हात डाव खलास! उरलेल्या दिवसाचं काय लोणचं घालू?"

"मग काढून टाकू ॲप?"

"छे! आमच्यात खेळणारा तो गास्तों मोजताना टेप ढिली धरतो. ॲप राहू दे, फक्त निकाल उशिरा सांगू दे. आधी भांडू दे आम्हाला."

"किती उशिरा?"

फेर्नां बोटांवर तास मोजू लागले. ओदीलला राहवेना. तिने मागून माएलच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"अंधार पडेपर्यंत, पोरी. माझा नवराही तिथेच खेळतो. हल्ली उजेडातच घरी येतो आणि मला स्वयंपाक शिकवतो."