तळमजल्यावर आईंचं दुकान

नगरपालिकेच्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको होते.

"अगं, भर बाजारात तळमजल्यावर दुकानच लागतं, राहायचं ते वरच्या मजल्यावर. नियमच आहे तसा."

"आणि आईंना जिना चढवत नाही."

"म्हणून तर तिच्या पलंगापुढे चार बरण्या मांडून पाटी लावली!"

"दुकान नुसतं दाखवायचंय, हे सांगितलंत त्यांना?"

"राहिलं."

"त्यांनी तुमची छत्री विकली. काल माझा मिक्सर विकला."

"म्हणूनच आज दुकान बंद करून तिला तिथेच राहू द्या, असा अर्ज देतोय ना?"

"अहो, वाचा तरी. आईंनी स्वतः भरलाय. वरच्या मजल्यावर गोदाम पाहिजे म्हणे."

"आणि आपण राहायचं कुठे?"

"तेच विचारलं मी. म्हणाल्या, गोदामाला राखणदार लागतातच."