उजाडल्याचा सूर

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या शिंपीणबाईंना शेजारचे बाप-लेक नुसते ऐकू येत होते.

“बाबा, एआयने सर्किट दिलंय. उजेड वाढेल तसा सूर चढत जाणार. वाचू?”

“वाच. मिटल्या डोळ्यांनीही जोडता येतं मला.”

“वर रेझिस्टर, खाली उजेडाचा सेन्सर. सुराची वायर दोघांच्या मधून.”

“अगं, मग ते अंधार पडला की गायला लागेल! अदलाबदल करायला सांग.”

“सांगितलं. म्हणतोय, तुमचं बरोबर आहे, माझंच चुकलं.”

“बघ, लगेच कबूल! चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, मला नाही कधी जमलं ते. कोणासाठी करतेयस हे?”

“आहे एक गिऱ्हाईक. पुढेमागे दिसेनासं झालं, तरी त्यांना उजाडलेलं कळावं म्हणून.”

“खिडकी कुठल्या बाजूला त्यांची?”

“पूर्वेला. पलंगाला लागूनच.”

बाबांची खुर्ची लेकीच्या बाजूला सरकल्याचं शिंपीणबाईंना ऐकू आलं.

“मग पहिला सूर अगदी हळू ठेव, बाळा. शेजारी तुझी आई झोपलेली असते.”