नव्वद दिवसांचं दान

ओफेलिया : त्या ढिगांना हात लावू नकोस, व्हर्जिल. लाल चिप्स पाचाच्या, हिरव्या पंचवीसच्या, आणि वाटीत आहेत ती बसची टोकनं. काल कुणीतरी टाकली. देवाला बसनं जायचं असेल.

व्हर्जिल : मी काय विचारलं?

ओफेलिया : आणि मी काय सांगितलं? नाही म्हणून.

व्हर्जिल : पुरतं ऐकलं तरी का? दर रविवारी मिस्साला लोक दानाच्या टोपलीत कॅसिनोच्या चिप्स टाकतात. दर सोमवारी तू त्या निवडतेस, वेगासभर फिरतेस, ज्याच्या त्याच्या काउंटरवर देऊन रोख आणतेस. चर्चची बाई म्हणून तुला कुणी अडवत नाही. त्यात माझ्या थोड्या मिसळ, एवढंच म्हणतोय.

ओफेलिया : कॉपर लँटर्नच्या.

व्हर्जिल : कॉपर लँटर्नच्या.

ओफेलिया : कॉपर लँटर्न कॅसिनो मार्चमध्ये बंद झाला. चिप्स परत करायला चार महिने दिले होते, ते शुक्रवारी संपले. आज त्या चिप्स म्हणजे बटणं. कोटाला लाव.

व्हर्जिल : शुक्रवारी मी हॉस्पिटलात चमच्यानं जेली खात होतो! बायपास, मग छातीत पू, मग न्यूमोनिया. आठ आठवडे, ओफेलिया. शनिवारी घरी आलो, सोफ्यावर बसलो, पेपर उघडला आणि तारीख वाचली.

ओफेलिया : फोन करायचास त्यांना.

व्हर्जिल : केला. टेप वाजते. आजवरच्या प्रेमाबद्दल आभार म्हणे. तू गेलीस तर वेगळं. चर्चला उशीर झाला म्हटल्यावर कुणीतरी मागचं दार उघडेल.

ओफेलिया : मागच्या दाराला साखळी आहे. महिनाअखेर इमारत उडवणार. समोरच्या हॉटेलात गॅलरीच्या खोल्या आत्ताच भरल्यात, शॅम्पेन पीत बघणार आहेत लोक. आणि तुझा उशीर मी देवाच्या नावावर खपवायचा? किती आहेत एवढ्या? दहा? वीस?

व्हर्जिल : चारशे बारा.

ओफेलिया : पाचाच्या?

व्हर्जिल : शंभराच्या. बस खाली. स्टूल मागे आहे तुझ्या.

ओफेलिया : एक्केचाळीस हजार डॉलर! व्हर्जिल हास्कॅम्प, तू खेळायचास?

व्हर्जिल : तेवीस वर्षं तिथे फाशांच्या टेबलामागे उभा राहिलो, पण स्वतःसाठी एकदाही फासा हातात घेतला नाही. ती बचत आहे माझी. दर महिन्याला गिऱ्हाइकांनी दिलेल्या टिप्स, नंतर पेन्शनमधून थोडे. नोटांचा कागद द्यायचा, चिप घ्यायची.

ओफेलिया : बँक नावाची गोष्ट ऐकली आहेस?

व्हर्जिल : बँकेच्या वर कोण बसलंय ते ऐकलंय. ती वॉशिंग्टनची मध्यवर्ती बँक. नोटेमागे काय आहे, सांग? एक सही. ज्याला तू बघितलं नाहीस, निवडलं नाहीस, काढूही शकत नाहीस, अशा माणसाची सही. तो सकाळी उठतो, ठरवतो की पैसा थोडा पातळ करूया, आणि संध्याकाळी तुझी अंडी महाग. आमच्या काउंटरवर मात्र प्रत्येक चिपमागे रोख ठेवलेली असायची. राज्याचा तपासनीस येऊन बघायचा. मी बघितलंय त्याला. टकलू होता, सँडविच घरून आणायचा. अशा माणसावर विश्वास ठेवता येतो.

ओफेलिया : एक विचारू?

व्हर्जिल : विचार.

ओफेलिया : त्या चिपवर काय छापलं होतं?

व्हर्जिल : कंदील.

ओफेलिया : आणि कंदिलाखाली?

व्हर्जिल : शंभर डॉलर.

ओफेलिया : डॉलर. म्हणजे डॉलर पातळ झाला की तुझा कंदीलही पातळ. बुडती बोट नको म्हणून तिच्याच डेकवर खुर्ची टाकून बसलास तू, आणि तीही बिनव्याजी!

व्हर्जिल : हे मला चार वर्षांपूर्वी सुचलं होतं.

ओफेलिया : मग?

व्हर्जिल : चांदी घ्यायचं ठरवत होतो. भाव उतरायची वाट बघत होतो. तेवढ्यात म्हाताऱ्या मालकानं जागा विकली. विकणार नाही तर काय करेल? शेजारी पाच हजार खोल्यांचं हॉटेल, दारात खोटा ज्वालामुखी. कुणाच्या पैशावर? स्वस्त कर्जावर. कर्ज स्वस्त कुणी केलं? त्याच बँकेनं.

ओफेलिया : आणि तुझ्या छातीत पूही तिनंच केला.

व्हर्जिल : हस. हसून घे. मॅक्सीन बाहेर गाडीत बसली आहे. तिला सांगितलंय, मेणबत्ती लावून येतो. तिला यातलं काही ठाऊक नाही. कधीच नव्हतं. डॉक्टर म्हणतात दोन वर्षं, फार तर चार. माझी पेन्शन माझ्याबरोबर जाणार. हे तिच्यासाठी होतं, ओफेलिया. मी गेल्यावर तिला एक चिठ्ठी सापडणार होती, गॅरेजमधल्या जुन्या कूलरमध्ये बघ म्हणून. आता काय लिहू त्या चिठ्ठीत? बटणं आहेत, कोटाला लाव?

ओफेलिया : अरे, रडू नकोस. टाके उसवतील. थांब… कुठल्या कूलरमध्ये?

व्हर्जिल : छतावरून काढलेला जुना. पाण्याचा. तळाशी ठेवल्यात.

ओफेलिया : शनिवारी बघितलास?

व्हर्जिल : दुधाचा कॅनसुद्धा उचलायचा नाही म्हणून सांगितलंय मला. कूलर काय हलवतो?

ओफेलिया : चिप्स कशात ठेवल्या होत्यास?

व्हर्जिल : पुरचुंड्या आहेत. पन्नास-पन्नासाच्या आठ आणि बारा सुट्या. आमच्या रेस्टॉरंटचे नॅपकिन, आणि…

ओफेलिया : आणि वरून काळ्या फितीची गाठ. टेबलावर गळ्याला बांधायचास त्या बो-टायची.

व्हर्जिल : तुला कसं माहीत? ओफेलिया?

(मधेच, ओफेलियाच्या डोक्यात : चर्चचं दार, मे-जूनचे रविवार, ती आणि मॅक्सीन.)

— कसा आहे?
— मशीन श्वास घेतंय.

— आज?
— तसाच.

— घरी पंखा तरी आहे का तुला? चेहरा बघ कसा झालाय.
— कूलर पहिल्याच आठवड्यात बंद पडला होता. माणूस येऊन गेला. गॅरेजमधल्या जुन्याची मोटर काढून बसवली त्यानं.

— डोळे उघडले?
— एक.

— मॅक्सीन, तू मागच्या बाकावर का बसतेस हल्ली?
— पुढे फार उजेड असतो.

— बोलला?
— हो. महागाईबद्दल.

— या शनिवारी सोडतील म्हणतात, खरं?
— म्हणतात. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

व्हर्जिल : अगं, बोल काहीतरी! तूच पांढरी पडलीस.

ओफेलिया : हा खण उघड. नको, तू नको, मीच उघडते. या बघ.

व्हर्जिल : या… माझ्या फिती आहेत.

ओफेलिया : सहा आहेत. सहा रविवार मागच्या बाकावरून टोपली आली की तळाशी एक पुरचुंडी. त्याच्या आधीच्या रविवारी सुट्याच आल्या होत्या, एवढा आवाज झाला की फादर प्रवचनात थांबले. कोण टाकतंय, आम्हाला कळेना. फादर म्हणाले, कुणीतरी घर विकून पश्चात्ताप करतोय.

व्हर्जिल : मॅक्सीननं?

ओफेलिया : मॅक्सीननं.

व्हर्जिल : सगळ्या?

ओफेलिया : चारशे बारा. वहीत दर रविवारचं वेगळं लिहिलंय, बेरीज आत्ता केली.

व्हर्जिल : म्हणजे तिनं… आणि तू त्या…

ओफेलिया : मी काय करणार? जे करते तेच. दर सोमवारी कॉपर लँटर्नच्या काउंटरवर. शेवटची पुरचुंडी मागच्या सोमवारी दिली. चार दिवस आधी.

व्हर्जिल : मुदतीच्या चार दिवस आधी.

ओफेलिया : आता हसतोस की रडतोस? एक काय ते ठरव.

व्हर्जिल : छातीत दुखतंय हसताना. पण ते गेले ना. देवाला दिले. दिलेलं परत कसं मागणार?

ओफेलिया : तू या गावात नवीन आहेस का? रविवारी पश्चात्ताप करणारे निम्मे लोक सोमवारी त्या पश्चात्तापाचा पश्चात्ताप करायला येतात. गेल्या वर्षी एकानं बायकोची अंगठी टाकली होती, बायको बोटासकट आली. म्हणून फादरांनी नियम केलाय : बिननावाचं मोठं दान नव्वद दिवस वेगळं ठेवायचं, हात लावायचा नाही. थांब, फोन करते.

ओफेलिया : फादर, मी ओफेलिया. ते मागच्या बाकाचं सापडलं.

ओफेलिया : नाही, घर विकलेलं नाही.

ओफेलिया : नाही, खूनही केलेला नाही, फादर.

ओफेलिया : पन्नास दिवस झाले. हो, नव्वदच्या आत.

ओफेलिया : नवरा आहे इथे. हो, जिवंत आहे, त्याच्यासाठीच तर टाकले.

ओफेलिया : बरं. तेच सांगते त्याला.

व्हर्जिल : काय म्हणाले?

ओफेलिया : चेक देतील. पण ज्यानं टाकलं त्यानंच मागायचं. नियम आहे.

व्हर्जिल : म्हणजे मॅक्सीनला सांगावं लागणार.

ओफेलिया : खिडकीतून हाक मारू का तू जातोस?

व्हर्जिल : दोन मिनिटं दे.

ओफेलिया : मॅक्सीन! ए मॅक्सीन! आत ये!

मॅक्सीन : काय झालं? पडला?

ओफेलिया : बसलाय. ठीक आहे.

मॅक्सीन : इतका वेळ कसली मेणबत्ती लावतोस? गाडीत अंडं तळता येईल इतकं ऊन आहे. हे काय, तुझ्या हातात… अच्छा.

व्हर्जिल : मॅक्सीन, मला काही सांगायचंय.

मॅक्सीन : नको सांगूस. मला माहीत आहे. कूलरवाल्यानं तळ उचकटला, दोन गाठी सुटल्या, त्याच्या बुटांवर सांडल्या. तो म्हणाला, बाई, तुमचा नवरा खेळतो वाटतं. मी म्हटलं, वाटतं खरं.

व्हर्जिल : मी खेळत नव्हतो!

मॅक्सीन : मी माफ केलंय तुला. बाकावर बसून, मशीनला लावलेला असतानाच. देवाला म्हटलं, हा जुगाराचा पैसा तू घे, दर रविवारी घे, आणि मला तो माणूस दे. आता ते उकरू नकोस.

व्हर्जिल : अगं, ती बचत होती. तुझ्यासाठी. माझा त्या बँकेवर, त्या वॉशिंग्टनच्या…

मॅक्सीन : बचत.

व्हर्जिल : एक डॉलर हरलेलो नाही. लावलाच नाही कधी.

मॅक्सीन : ओफेलिया, खरं बोलतोय हा?

ओफेलिया : इतकं वेडगळ खोटं कुणाला सुचत नाही.

मॅक्सीन : म्हणजे मी पन्नास दिवस एका जुगाऱ्याला माफ करत होते आणि तो जुगारी नव्हताच.

व्हर्जिल : नव्हतो.

मॅक्सीन : नुसता गाढव होता.

व्हर्जिल : हो.

मॅक्सीन : देवा, किती बरं वाटलं! सरक, मला बसू दे. नेब्रास्कात माझे वडील पैसे गव्हाच्या पिपात ठेवायचे. त्यांचाही कुणावर विश्वास नव्हता. पण पीप कुठलं ते आईला ठाऊक असायचं, व्हर्जिल.

व्हर्जिल : चुकलं.

मॅक्सीन : परत म्हण.

व्हर्जिल : चुकलं म्हटलं ना. ओफेलियासमोर.

ओफेलिया : मी ऐकत नाहीये. मी चिप्स निवडतेय.

व्हर्जिल : चेक मिळणार आहे. पण चेकला खातं लागतं, आणि आपलं खातं…

मॅक्सीन : माझं आहे.

व्हर्जिल : काय आहे?

मॅक्सीन : खातं. लग्नाच्या आधीपासून. व्याज मिळतं त्यावर, फार नाही.

व्हर्जिल : एकतीस वर्षं? आणि सांगितलं नाहीस?

मॅक्सीन : तू जेवताना बँकांबद्दल जे बोलायचास, त्यानंतर? भाजी गार झाली असती.

ओफेलिया : या वहीत सही कर, मॅक्सीन. इथे रक्कम घाल. पूर्ण लिहू?

मॅक्सीन : नाही. पहिल्या रविवारच्या राहू दे. त्या दिल्या त्या दिल्या.

व्हर्जिल : का? त्याच का?

मॅक्सीन : आदल्या रात्री नर्सनं मला तुझे बूट आणि घड्याळ पिशवीत घालून दिलं होतं. घरी घेऊन जा म्हणाली, आता त्याला लागायचे नाहीत. बाकीच्या लिही, ओफेलिया.

व्हर्जिल : किती होत्या त्या? पहिल्या रविवारी?

मॅक्सीन : बघितलं नाही मी. दोन्ही हातांनी टाकल्या.