बाबांचो वड

ओरोसच्या स्टँडवर मालवणची गाडी लागली नव्हती. भक्तीच्या पुढच्या बाकावर एक बहीणभाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर कुंडीत वीतभर वड, आणि त्याला पान एक नाही.

"अक्का, बाबांचो बोन्साय मिया मारलंय गो."

"काय केलंस तरी, सुदेश?"

"पुस्तकात लिवलेला, थंडीत झाड घरात ठेवा. दोन म्हयने कपाटाआड ठेवलंय."

"आपल्या मालवणात थंडी खंय रे? लिवणारो खंयचो?"

"बर्फाच्या देशातलो. फोटो बरे होते म्हणान घेतलंय."

"नखान साल खरवड बघया."

भक्तीही पुढे वाकली.

"अक्का, हिरवी आसा! जित्तो आसा गो!"

"मगे रडतंस कित्याक? हळूहळू उनात काढ."

"आणि दुसरा पुस्तक घेव?"

"घे. पण फोटो बघू नको. लिवणाऱ्याच्या दारात आंबो पिकता काय, ता बघ."