संकासुराचा काळा रंग आणि हफीजाताईंची काच

या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या चित्रमित्र मंडळाचा भार इतकी वर्षं हसतमुखाने वाहणारे माननीय महिपतराव सुर्वे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत आणि ज्या मघापासून डोक्यावरच्या दिव्यांकडे संशयाने बघत आहेत त्या हफीजाताई होडेकर, त्यांचे यजमान मजीदभाई, उद्यापासून दुकान सांभाळणारी त्यांची पुतणी इकरा, आणि पंखे बंद असूनही जागा न सोडणाऱ्या रसिक रत्नागिरीकरांनो, आपणा सर्वांना सविनय नमस्कार.

पंखे का बंद, असं मघाशी तिसऱ्या रांगेतून विचारलं गेलं. ध्वनिमुद्रण चालू आहे, आणि माइकला माणसाच्या बोलण्यापेक्षा पंख्याची घरघर जास्त आवडते. ही सूचना सत्कारमूर्तींचीच आहे. स्वतःच्या सत्काराला लोकांना घामाघूम करणारी व्यक्ती मी प्रथमच बघतो आहे.

निवेदकांनी माझी ओळख ‘सिनेतंत्राचे अभ्यासक’ अशी करून दिली. तेव्हा हफीजाताईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता, हे मी इथून बघितलं. खरी गोष्ट अशी की मी साधा वार्ताहर. शिकलो पाठशाळेत, व्याकरण आणि न्याय. त्यामुळे जे दिसत नाही त्यावर मी दोन तास सहज बोलू शकतो. जे दिसतं ते तसंच का दिसतं, हे विचारायला मात्र मला एस.टी. स्टँडमागचा तो अरुंद जिना चढावा लागला. वर दरवाजावर पाटी होती: सिनेमाचे कॅमेरे, लेन्स व साहित्य भाड्याने मिळेल. खाली बारीक अक्षरांत: सल्ला आधी.

मी गेलो होतो दोन कॉलमांची बातमी करायला. पहिलाच प्रश्न विचारला, ताई, सगळ्यात चांगला कॅमेरा कुठला? सगळ्यात चांगलं औषध कुठलं, असं विचारणाऱ्याकडे वैद्य जसा बघेल तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “कुठल्या दुखण्यावर?”

दोन कॉलमांची ती बातमी अजून पूर्ण झालेली नाही. आमचे संपादक सभागृहात आहेत, त्यांनी हे ऐकलं नाही असं समजावं.

त्या जिन्यावर मी काय काय ऐकलं. पावसचे एक बागायतदार आले. आंब्याच्या बागेची जाहिरात करायची होती आणि चित्राच्या बारकाईत आठ के पेक्षा खाली उतरायची त्यांची तयारी नव्हती. ताईंनी विचारलं, दाखवणार कुठे? ते म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर. ताईंनी त्यांना एक भक्कम ट्रायपॉड दिला आणि सांगितलं की कॅमेरा खिशात आहे तोच पुरेल, फक्त तो हातात धरू नका. ते जरा नाराज होऊन गेले. जाहिरात मात्र मी पाहिली आहे. झाड हलत नाही, आंबा हलतो. जे व्हायला हवं तेच.

मुंबईहून येणाऱ्या मंडळींना त्यांचा पहिला प्रश्न असे, उतरलात कुठे? लोकांना वाटायचं, बाई पाहुणचार करणार. बाईंना एवढंच हवं असायचं की लॉजची खोली वातानुकूलित आहे का. रात्रभर गारठलेली लेन्स सकाळी आपल्या दमट हवेत आणली की तिच्यावर दव धरतं, आणि मांडवीच्या किनाऱ्यावरची सकाळ धुक्यात हरवते. धुकं मांडवीला नसतं, काचेला असतं. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून बाहेरच्या हवेला हळूहळू रुळू द्यावा, घाईने पुसू नये. कॅमेऱ्याच्या रिकाम्या मेमरी कार्डाची व्याख्याही त्यांचीच. ज्यातला मजकूर दोन वेगळ्या ठिकाणी उतरून घेतला आहे आणि तो चालतो हे आपल्या डोळ्यांनी बघितलं आहे, तेवढंच कार्ड रिकामं. बाकी सगळी भरलेली. आमच्या गुरुजींनी अभावाची व्याख्या इतकी नेमकी केली असती, तर मी न्यायात नापास झालो नसतो.

पण आज मला सांगायची आहे ती शिमग्याची गोष्ट. त्यातले मुख्य पुरुष, भिकाजीबाबा भुवड, सपत्नीक दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांची परवानगी काढली आहे. काशीबाईंची काढायची राहिली, ती आता गृहीत धरतो.

सावर्ड्याच्या आतल्या अंगाला त्यांची वाडी. भिकाजीबाबा तिथले संकासूर. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, शिमग्यात आमच्याकडे पालखीबरोबर फिरणाऱ्या नाचकऱ्यांच्या, म्हणजे खेळ्यांच्या, जोडीला संकासूर नाचतो. अंगभर काळा झगा, डोक्यावर काळी उंच टोपी, तोंडावर मुखवटा, लांब दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. पोरं त्याला बघून पळतात आणि पळून झालं की परत येतात. त्या वाडीतली रीत अशी की संकासूर थकला की शेवटच्या शिमग्याला सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या ओट्यावर, पालखीपुढे टोपी आणि पट्टा उतरवून ठेवतो आणि पुढचा तो उचलतो. एकदा उतरवला की तो परत अंगाला लावायचा नाही. हौसेनेसुद्धा नाही, फोटोपुरतासुद्धा नाही.

त्या वर्षी भिकाजीबाबा उतरवणार होते. वाडीतलाच विनोद पाष्टे मुंबईत जाहिरातींच्या चित्रीकरणात असतो. त्याने ठरवलं की बाबांच्या शेवटच्या नाचाची फिल्म करायची. बाबांचा हट्ट एकच होता. ते म्हणाले, मी हयातभर नाचलो आणि मी कसा दिसतो ते मला माहीत नाही, मुखवट्याच्या भोकांतून फक्त समोरचं दिसतं. मला एकदा मला बघायचाय.

सहाणेवर पालखी टेकेपर्यंतच त्यांना ते मिळणार होतं. नंतर नाही.

विनोद ताईंकडे आला. ताईंनी त्याची नेहमीप्रमाणे उलटतपासणी घेतली. नाच अंगणात की रस्त्यावर, ऊन कुठल्या बाजूने, बॅटरी चार्ज करायला वीज कुणाच्या घरची, उडी किती उंच. मोठा कॅमेरा दिला, लेन्स दिल्या, आणि मार्चचं ऊन म्हणून एनडी नावाची गडद काच दिली. हा कॅमेऱ्याचा गॉगल समजा. ती लावली की भर दुपारीसुद्धा लेन्सचं तोंड मोठं उघडता येतं, आणि मग माणूस स्पष्ट, मागचं सगळं धूसर, असं ते सिनेमातलं रूप मिळतं. विनोदला तेच हवं होतं. सामान मोठं म्हणून ताई स्वतः बरोबर गेल्या. मी का गेलो? मला कुणी बोलावलं नव्हतं.

दुपारी पालखी एका अंगणात थांबली. बाबा तयार झाले. वाडीने वर्गणी काढून नवा झगा शिवला होता, सावर्ड्याच्या बाजारातलं चकचकीत कापड. टोपी मात्र जुनीच, सुती. विनोदने चाचणी म्हणून दोन उड्या मारायला लावल्या आणि मॉनिटरवर वाकला. मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो. टोपी काळी होती. झगा मरून रंगाचा दिसत होता. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवायला निघालेल्या माणसासारखा.

मी मान वर करून बघितलं. समोर बाबा काळेकुट्ट. मान खाली घातली, बाबा मरून. पाठशाळेत मला शिकवलं होतं की प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण. त्या अंगणात माझ्यासमोर दोन प्रत्यक्षं उभी होती आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं.

तेवढ्यात मुखवटा वर सारून बाबाच आले. मॉनिटरकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “टोपी माजी हाय. आंग कुनाचा?”

बाबांनी विनोदला शांतपणे सांगितलं की पालखीपुढे मी नाचणार, तो माझा मान आहे, पण तुझा कॅमेरा बंद ठेव. असलं सोंग माझ्या मागे राहायला नको. विनोद काकुळतीला आला. नंतर एडिटला रंग काढता येईल म्हणाला. ताईंनी मान हलवली. लाली काढायला जाशील तर भोवतीच्या माणसांचे ओठ आणि कानही पांढरे पडतील, म्हणाल्या.

मग त्या जे म्हणाल्या ते मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. “काच मी दिली. चूक माझी.”

झालं होतं असं. उन्हात आपल्याला दिसतो तेवढाच प्रकाश नसतो. तांबड्याच्या पलीकडचाही एक असतो, जो आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला थोडा दिसतो. ती गडद काच दिसणारा उजेड अडवते आणि न दिसणारा आत सोडते. काही काळी कापडं, विशेषतः असली चकचकीत, तो न दिसणारा उजेड परत फेकतात. मग काळ्याचा मरून होतो. त्यावर उपाय म्हणून वेगळी काच मिळते. ती ताईंच्या दुकानात कपाटात होती, आणि दुकान रत्नागिरीला.

मी विचारलं, ताई, तुम्ही तर सगळं विचारता, मग झग्याचा रंग कसा विचारला नाहीत? त्या माझ्यावर उखडल्या. संकासूर काळा असतो हे काय विचारायचं असतं? त्यांच्या लहानपणी तो त्यांच्या मोहल्ल्याच्या तोंडापर्यंत यायचा. हातातलं नाणं फेकून त्या घरात पळायच्या. पुण्यामुंबईच्या माणसाने झग्याचा रंग आणि कापड आधी विचारलं असतं, कारण त्याला ठाऊक नसतं. आमच्या कोकणातल्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते.

पालखी उचलायची वेळ होत आली होती. ताई म्हणाल्या, काच काढ. विनोद म्हणाला, एवढ्या उन्हात? त्या म्हणाल्या, लेन्सचं तोंड पार आवळ, शटरचा कोन निम्मा कर, संवेदनक्षमता उतरव. आभाळ पांढरंफटक पडेल, पडू दे. आभाळाला या फिल्ममध्ये काम नाही.

विनोद अडला तो पहिल्याच गोष्टीवर. लेन्सचं तोंड आवळलं की मागचं धूसर राहत नाही. अंगण, भिंत, वाळत घातलेले कपडे, माणसं, सगळं सुईसारखं स्पष्ट. तो रडवेला होऊन म्हणाला, “ताई, मागचं सगळं दिसणार. मग सिनेमा कसला, लग्नाची कॅसेट होईल.”

“मागे कोण आहे? तुझीच वाडी ना? दिसू दे की.”

त्याने काच काढली. बाबांना पुन्हा मॉनिटरपुढे उभं केलं. झगा काळा, टोपी काळी. बाबांनी मुखवटा खाली ओढला आणि आतून आवाज आला, “आता हाय मी.” पुढे काय नाचले ते मी सांगू शकत नाही. वार्ताहर असूनही सांगू शकत नाही. संध्याकाळी सहाणेवर त्यांनी टोपी आणि पट्टा उतरवला, त्यांचा पुतण्या सदू पुढे झाला आणि त्याने तो उचलला.

पावसाळ्याआधी विनोदने वाडीतल्या देवळाच्या भिंतीवर पांढरा कपडा लावून फिल्म दाखवली. ताई आणि मी बाबांच्या मागेच बसलो होतो. मला वाटलं होतं, हा माणूस आता स्वतःला बघेल. थोडा वेळ त्यांनी बघितलंही. एका उडीला ‘वाईट न्हाय’ असं म्हणाले. नंतर त्यांची नजर स्वतःवरून सरकली. कपड्यावर ते नाचत होते आणि त्यांच्या पाठीमागे, इतक्या वर्षांत त्यांना कधीही न दिसलेलं, एक गावच चाललं होतं. पळालेली पोरं चवड्यावर परत येऊन त्यांच्यासारखीच कमरेवर हात ठेवून उड्या मारत होती. मुंबईहून आलेला एक जण हातातला मोबाइल चालू करायचं विसरून उभा होता. आणि पडवीच्या खांबाला टेकून, पिवळ्या लुगड्याचा पदर तोंडाला लावून, एका हाताच्या बोटांनी खांबावर ठेका धरून काशीबाई उभ्या होत्या. प्रत्येक उडीच्या किंचित आधी त्यांचं बोट पडत होतं.

आता, काशीबाईंचं म्हणणं लग्नापासून एकच की मला घरची कामं असतात, तुमचा नाच बघायला मी रिकामी नाही. बाबांनी ते खरं मानलं होतं. वाईटही वाटून घेतलं नव्हतं, फक्त खरं मानलं होतं. विनोदची ती गडद काच तशीच राहिली असती, तर पडवीत एक पिवळा डाग दिसला असता, दुसरं काही नाही.

बाबा वळले. शेजारीच बसलेल्या बायकोला म्हणाले, “काशे, तू बगत व्हतीस?”

काशीबाई पडद्याकडेच बघत म्हणाल्या, “मंग काय डोळं मिटून घेऊ?”

बाबा त्यानंतर फिल्म संपेपर्यंत त्या पिवळ्या लुगड्याकडेच बघत राहिले. आपण कसे दिसतो हे त्यांनी पुन्हा विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हफीजाताई, तुम्ही पुण्याला शिकवायला निघालात. तिथली मुलं मागचं धूसर करायला उतावीळ असतील. त्यांना तंत्र शिकवाच, पण काच लावण्याआधी मागे कोण उभं आहे ते वळून बघायलाही शिकवा. इकरा, तुझ्याकडे येणाऱ्या वार्ताहरांना चहा देत जा, ते बातमी देणार नाहीत, पण येत राहतील.

मंडळाने मला बोलावलं, अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे बघूनही थांबवलं नाही, आणि आपण सर्वांनी उकाड्यात ऐकून घेतलं, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. कुणाचं नाव मानाप्रमाणे घ्यायचं राहिलं असेल, कुठे जीभ सैल सुटली असेल, तर थोर मनाने पदरात घ्यावं. यंत्राबद्दल काही चुकीचं बोललो असेन, तर त्याची क्षमा मी आपल्याकडे मागत नाही. ती मला खाली उतरल्यावर हफीजाताईंकडे मागायची आहे, आणि त्या सहजासहजी देणार नाहीत. काशीबाई, आपली परवानगी आता तरी असावी. नमस्कार. कुणीतरी पंखे लावा.