दोघींच्या हातातलं पाऊल

रश्मी : एका पायावर उभं राहून दात घासायचे, हे तुला दामिनीनं शिकवलं?

दीक्षा : कोणी सांगतलं?

रश्मी : तूच. मुलाखतीत. सगळ्या नातेवाइकांनी मला पाठवली ती. देवमनकाकांनी तर दोनदा.

दीक्षा : अव ताई, ती पोरगी माइक घेऊन विचारून राहिली होती, दुखापत होऊ नये म्हणून काय करता. मले जे सुचलं ते बोलली.

रश्मी : सुचलं ते दामिनीचं नाव.

दीक्षा : त्या बाजूलेच उभ्या होत्या. आता टीमनं त्यायले त्याच्यासाठीच ठेवलं, तर नाव नाही घेणार?

रश्मी : तू सातवीत होतीस. तोंडात पेस्ट आणि बेसिन घट्ट धरून उभी. मी तुझा हात सोडवायचे, घोटा मजबूत व्हावा म्हणून. तेव्हा ही तुमची दामिनी मॅडम फिजिओथेरपीच्या कॉलेजात माझ्याच बाकावर बसून माझ्याच आकृत्या उतरवत होती.

दीक्षा : मग आता काय करू? त्या पोरीले फोन लावून सांगू, दात माह्या बहिणीचे आहेत?

रश्मी : नको.

दीक्षा : मग पाय पाहतं का? आई विहारातून यायच्या आधी पाह्य. तिनं पाहिलं का बिबा तापवते. मागच्या खेपेले असा उतला होता, बुटात पाय जात नव्हता.

रश्मी : ठेव मांडीवर. हा जांभळा टेप तिचा?

दीक्षा : हाव. त्यानं सूज उतरते.

रश्मी : जांभळ्यानं?

दीक्षा : रंगाचं मले काय मालूम. बरं वाटते खेळताना.

रश्मी : आणि पोटरीवरचे हे गोल डाग कपांचे.

दीक्षा : कपात हवा खेचतात नं, त्याचे. मग सुया. सुई गेली का मांस असं फडफडते आन एकदम सैल पडते. तुहा हात लागला का मी बोंबलते. तिथं मले झोप लागते.

रश्मी : झोप लागते.

दीक्षा : चांगलं आहे म्हणून सांगून राहिली.

रश्मी : मी ऐकते आहे. मग आज तिच्याकडेच का नाही गेलीस? कॅम्प अकोल्यात, ती अकोल्यात. एवढं बसनं अमरावतीला कशाला?

दीक्षा : त्यायले सांगतलं का त्या कोचले सांगतीन. कोचले समजलं का रविवारी प्रतीक्षा आत आन मी बाकावर. लीगचा पयला सामना आहे, ताई. पयल्या सामन्यात जी उभी राहते, तीच सीझनभर उभी राहते.

रश्मी : प्रतीक्षा म्हणजे ती यवतमाळची?

दीक्षा : हाव. नुसती माह्या पायाकडे पाहत राहते. पाणी आणून देते, टॉवेल देते, 'दुखतं का गं दीक्षा' म्हणते. मले तिचा तो 'गं' सहन होत नाही. परवा तिचा एक बॉल चुकला नाही. सगळे बास्केटमंदी. मी टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

रश्मी : कळतं मला.

दीक्षा : तुले काय कळते?

रश्मी : काही नाही. कुठे दुखतं ते बोटानं दाखव.

दीक्षा : बोटानं नाही दाखवता येत. घोटा मुरगळला होता, ते तर गेलं. आता हे वरतं, पावलावर, इकडंतिकडं. उडी मारून उतरली का दुखते. सकाळी उठून पाहावं तर काही नाही.

रश्मी : इथे?

दीक्षा : नाही.

रश्मी : इथे?

दीक्षा : नाही.

रश्मी : आणि इथे?

दीक्षा : आई गं. ताई, सोड. सोड म्हटलं नं.

रश्मी : एका बोटानं दाबलं.

दीक्षा : तुहं बोट लोखंडाचं आहे.

रश्मी : दुसरा पाय दे. तीच जागा, तेवढाच जोर. दुखतं?

दीक्षा : दाब बरं अजून.

रश्मी : दाबलं.

दीक्षा : नाही दुखत.

रश्मी : दीक्षा, इथे होडीच्या आकाराचं एक लहान हाड असतं. नेव्हिक्युलर. त्याच्या मधल्या भागाला रक्त कमी मिळतं. उड्या मारून मारून तिथे बारीक भेग पडते. आधी अशीच असते, कुठे दुखतं ते सांगता येत नाही, विश्रांती घेतली की बरं वाटतं. साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतही नाही. उद्या एमआरआय करू. रविवारी खेळायचं नाही.

दीक्षा : तू मले टेप मारून दे.

रश्मी : नाही.

दीक्षा : भेग आहे हे नक्की आहे का?

रश्मी : नक्की नाही. म्हणूनच एमआरआय. पण ती असली आणि तू खेळलीस, तर हाड आरपार तुटेल. मग एका रविवारची गोष्ट राहणार नाही.

दीक्षा : दामिनी मॅडम रोज हा पाय पाहून राहिल्या. त्यायले नाही समजलं आन तुले एका बोटात समजलं?

रश्मी : तेच मला कळत नाहीये.

दीक्षा : मले कळते. तू जळतं.

रश्मी : हो.

दीक्षा : हो काय?

रश्मी : जळते. इतकी वर्षं हा पाय माझ्या मांडीवर होता. आता तिच्या टेबलावर असतो आणि तिथे तुला झोप लागते. तुझ्यावरही जळते. खेळताना माझा गुडघा गेला तेव्हा मी तुझ्याच वयाची होते. तू उडी मारतेस आणि सगळं मैदान वर बघतं, तेव्हा मी खाली तुझे पाय बघत असते. हे सगळं खरं आहे. पण म्हणून ते हाड दुखायचं थांबत नाही.

दीक्षा : मग तूच सांग, तुह्यावर विश्वास कसा ठेवू मी?

रश्मी : नको ठेवूस. चहा ठेव. तो पाय टेकवू नकोस, भिंतीला धरून जा. मी गच्चीवरचे कपडे काढून आणते.

(रश्मी गच्चीवर जाऊन अकोल्याला फोन लावते.)

दामिनी : रश्मी? नाव दिसलं तर मला वाटलं, कोणी वारलं की काय.

रश्मी : दीक्षाच्या पावलाचा एमआरआय का नाही केलास?

दामिनी : आधी कशी आहेस, विचार तरी.

रश्मी : कशी आहेस?

दामिनी : मजेत. एमआरआय कशाला यार? एक्स-रे तर तूच काढला होतास.

रश्मी : मी?

दामिनी : ती बोलली मला. ताईनं एक्स-रे काढला, हाडं एकदम ओके आहेत, आणि पावलाला दुसऱ्या कोणी हात लावलेला ताईला चालत नाही. म्हणून मी पोटरीच करत होते. वरून टेप, बस्स.

रश्मी : मला ती फोनवर सांगायची, पाऊल दामिनी मॅडम रोज तपासतात.

दामिनी : मी तर बोटही नाही लावलं.

रश्मी : एक फोन करायचास मला.

दामिनी : तू करायचास. माझं नाव निघालं की तू विषय बदलतेस, इथपर्यंत येतं ते. मी विचार केला, फोन केला तर ही म्हणेल, बघा, येत नाही म्हणून विचारते.

रश्मी : म्हटलं असतं.

दामिनी : आणि खरं सांगू? सुया लागलेल्या असतात आणि ही पोरगी तुझंच पुराण लावते. ताई असं दाबते, ताईला लगेच समजते. मला काय ते ऐकायला गोड वाटतं?

रश्मी : मला ती तुझं सांगते.

दामिनी : चालू आहे पोरगी.

रश्मी : घाबरली आहे. नेव्हिक्युलर आहे, दामिनी. अगदी मधोमध. बोट ठेवलं की ओरडते. दुसऱ्या पायाला काही नाही.

दामिनी : आणि काल माझ्यासमोर उड्या मारत होती.

रश्मी : मी नको म्हटलं. तिला वाटतं, मी जळते म्हणून सांगते.

दामिनी : जळतेस?

रश्मी : हो.

दामिनी : बरं. मग मी काय करू?

रश्मी : तिला व्हिडिओ कॉल लाव. तिच्याच अंगठ्यानं दोन्ही पाय दाबून बघायला सांग. मग काय ते बोल. माझं नाव काढू नकोस.

दामिनी : तिला वाटेल, मी शोधून काढलं.

रश्मी : वाटू दे.

दामिनी : सगळ्या टीमला सांगत फिरेल ती. तुला नंतर त्रास होईल.

रश्मी : होईल. तू कोचशीही बोल. ही बरी होऊन आली की हिला पुन्हा संधी द्या म्हणावं. ते मला ओळखत नाहीत.

दामिनी : लावते. रश्मी, एमआरआय मला पण पाठव.

रश्मी : पाठवते.

*

दीक्षा : चहा गार झाला तुहा. एवढे कोणते कपडे होते वरतं?

रश्मी : चादरी होत्या. डोळे का लाल तुझे?

दीक्षा : दामिनी मॅडमचा फोन आल्ता. म्हणे, तुह्या पायाचं सकाळपासून डोक्यात घोळून राहिलं, दाखव. मलेच अंगठा ठेवायले लावला. या पायावर, मग त्या पायावर.

रश्मी : मग?

दीक्षा : रविवारी नाही म्हणतात. पाय टेकायचाच नाही, उद्या एमआरआय. भेग निघाली तर दीड-दोन महिने पलस्तर. कोचशी त्या बोलतीन.

रश्मी : बरं झालं.

दीक्षा : अकोल्यात बसून समजलं पाह्य त्यायले. तुले हात लावून पाहा लागला.

रश्मी : नजर चांगली आहे तिची. कॉलेजातही होती.

दीक्षा : मी त्यायले खोटं सांगतलं होतं, ताई. तुलेही.

रश्मी : माहीत आहे. उशी घे, पाय वर ठेव.

दीक्षा : प्रतीक्षा खेळीन आता.

रश्मी : खेळेल.

दीक्षा : चांगली खेळीन का?

रश्मी : तू सांगतेस त्यावरून, खेळेल.

दीक्षा : टीव्हीवर दाखवतीन. मले नाही पाहवणार.

रश्मी : पाहवतं. मी तुझे सगळे सामने पाहिले आहेत.