बत्तीस नंबरची तार

मी, विल्हेल्मिना योहाना आरेन्ड्स, वय ६१ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार घर क्रमांक १४, चर्चमागील गल्ली, रूईदाल, क्लाइन कारू, दक्षिण आफ्रिका, आज शुक्रवार दि. १८ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले. सार्जंट फोर्टेन यांनी कागद दिला आणि मी माझ्या अक्षरात लिहीत आहे.

माझ्या घरासमोर श्री. बारेंड कामिस राहतात. वय ६८, रेल्वेतून निवृत्त, एकटेच असतात. आम्ही एकाच चर्चचे, म्हणून मी त्यांना ब्रदर म्हणते. काल गुरुवारी दुपारी त्यांनी रियाद सॅली याच्या व्हेपच्या दुकानात काठीने काचेची पेटी फोडली. काच लागून रियादच्या उजव्या हाताला पाच टाके पडले. ब्रदर कामिस यांचे म्हणणे की, रियाद खोट्या नंबरची हलकी तार विकतो व त्यामुळे त्यांच्या व्हेपची कॉइल सारखी जळते. ते कालपासून कोठडीत आहेत. ती कॉइल मी वळलेली आहे. तार कोणती होती हे मला माहीत आहे, म्हणून हा जबाब.

माझे यजमान आयझॅक यांनी सिगारेट सोडली ती व्हेपवर, म्हणजे विजेच्या सिगारेटवर; त्यात तारेची कॉइल तापते आणि तिच्यातल्या कापसात मुरलेल्या रसाची वाफ ओढतात. त्यांचे हात थरथरत, त्यामुळे कॉइल वळण्याचे काम माझ्याकडे आले. तारेचा नंबर शिवणाच्या दोऱ्यासारखा असतो, जितका मोठा तितकी तार बारीक. जाड तार सावकाश तापते आणि टिकते. बारीक तार झटकन तापते, आतला कापूस जाळते आणि मग तुटते. मात्र बारीक तारेला वेढे कमी दिले की यंत्रावर विजेच्या रोधाचा आकडा जाड तारेइतकाच येतो. वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. हे सगळे मला पूर्ण माहीत होते.

जानेवारी २०२० मध्ये फुप्फुसाच्या डॉक्टरांनी ब्रदर कामिस यांना सिगारेट बंद करायला सांगितले. त्या दिवशी इस्पितळात त्यांच्यासोबत आम्ही दोघे होतो. आयझॅकनी त्यांना आपले जुने यंत्र दिले. तेव्हापासून दोघांच्या कॉइल मी वळत असे. अठ्ठावीस नंबरची तार, सहा वेढे. प्रत्येक कॉइलची तारीख, तारेचा नंबर आणि वेढे मी वहीत लिहिते. वही या जबाबाला जोडली आहे.

आयझॅक दि. १२ जून २०२१ रोजी वारले. आम्हाला मूल नाही. ब्रदर कामिस कॉइलसाठी येत राहिले. अठ्ठावीस नंबरची कॉइल पाच आठवडे जाते, म्हणून ते पाच आठवड्यांनी येत. एरवी रस्त्यापलीकडून हात वर करत. आले की दुपारी चार वाजता येत. कॉइल वळून कापूस भरायला वीस मिनिटे लागतात. ते पावणेसहापर्यंत बसत.

दि. ४ मार्च २०२३, शनिवारी मी तीस नंबरची तार घेतली, वेढे चार. आकडा तोच आला. त्याआधीच्या पाच आठवड्यांत माझ्या दारात विजेचे मीटर बघणारा सोडून कोणी आले नव्हते. ती कॉइल दोन आठवडे गेली. दि. १३ मेपासून बत्तीस नंबर, वेढे तीन. ती आठवडाभरही धड जात नाही. तेव्हापासून ते दर शनिवारी आले. वहीत चौदा शनिवार आहेत.

जूनमधल्या एका शनिवारी ते म्हणाले, "सिस्टर, तुझी कॉइल आणि माझा गुडघा, शनिवार आला की दोघंही रडायला लागतात." मी म्हटले, "मग गुडघ्यातही कापूस भरून देते." ते हसले, मग त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. मी पाणी दिले. त्या दिवशी ते सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत होते.

दि. २९ जुलै रोजी ते म्हणाले, "हा सॅलीचा पोरगा लबाड आहे. आयझॅकच्या वेळी हीच तार पाच पाच आठवडे जायची. आता घशात नुसता जळका कापूस येतो. एकटी बाई बघून तुला काहीही गळ्यात मारतोय तो."

मी म्हटले, "देव जाणे, ब्रदर."

देवाला मी यात आणायला नको होते. खरे सांगायची तीच वेळ होती. मी चहा ओतला आणि टोस्टचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

बुधवार दि. १६ रोजी चर्चमध्ये आमची महिला सभा होती, दोन ते पाच. त्या वेळात त्यांची तार तुटली. ते माझ्या दारावर तीनदा येऊन गेले, असे शेजारणीने सांगितले. मी पाच वाजता परतले तेव्हा ते आपल्या पायरीवर बसून सिगारेट ओढत होते. कोपऱ्यावरच्या दुकानात सुटी सिगारेट मिळते. तीन वर्षे सात महिन्यांनंतरची ती पहिली. मला पाहून त्यांनी हात पाठीमागे नेला. मी कुलूप काढून घरात गेले. दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन दुकानात गेले.

काल सायंकाळी सहा वाजता रियाद माझ्या घरी आला. हाताला पट्टी होती. त्याला आत ये म्हटले, तो दारातच उभा राहिला. गावातले लहानमोठे मला टानी मीना, म्हणजे मीनामावशी, म्हणतात.

"टानी मीना, आज लोक तारेची रिळं परत आणून देतायत. बापाच्या वेळचं दुकान आहे. मी तुम्हाला कधी नंबर खोटा दिलाय?"

"नाही."

"बत्तीसची चार रिळं नेलीत तुम्ही. मी विचारलं होतं, एवढी बारीक कशाला? एका दिवसात जाळाल म्हणून. तुम्ही म्हणालात, भरतकामाला हवी."

"पोलिसांना सांगितलंस हे?"

"नाही सांगितलं. तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून बरं नाही दिसत." जाताना म्हणाला, "फाटकाची कडी ढिली झालीय तुमच्या," आणि डाव्या हाताने ती लावून गेला.

रियादने विकलेली तार चांगली व खऱ्या नंबरची होती. त्याचा यात काही दोष नाही. ब्रदर कामिस यांनी काच फोडली ती माझ्यावर विश्वास ठेवून. फोडल्याचे जे काही होईल, त्यात माझाही वाटा धरावा.

ब्रदर कामिस यांना भेटायचे आहे का, असे सार्जंटसाहेबांनी विचारले. मी नको म्हटले. त्यांच्यासाठी दोन कॉइल आणल्या आहेत, आज सकाळी वळल्या. सव्वीस नंबर, जाड तार, वेढे नऊ. तापायला जरा वेळ लागेल, धीर धरावा. कापूस त्यांनी स्वतः बदलायचा आहे, तो कसा ते चिठ्ठीत लिहिले आहे. एकेक कॉइल दोन महिने जाईल. दोन्ही मिळून ख्रिसमसपर्यंत कोणाकडे जावे लागणार नाही. सुटताना त्यांच्या सामानासोबत द्याव्यात अशी विनंती आहे.

हा जबाब मी लिहून झाल्यावर मोठ्याने वाचला. सार्जंटसाहेब म्हणाले, "टानी, 'तार चुकून घेतली' असं लिहा ना. वय झालं, नंबर दिसला नाही म्हणा. त्यांनाही राग धरता येणार नाही, शनिवारी येतील पुन्हा." मी तसे लिहिले. दुसऱ्यांदा वाचताना 'चुकून' हा शब्द खोडला, खोडल्या जागी माझी सही आहे. चष्मा डोळ्यावर होता आणि नंबर वाचूनच मी तार कापली. आता जे लिहिलेले राहिले आहे ते माझे आहे, आणि बरोबर आहे.

वि. यो. आरेन्ड्स